रंगरावाला सुधारायचं कोणी?

नोकरी नसलेल्या माणसाकडं दोन गोष्टी भरपूर साठतात. एक, पासपोर्ट फोटो. दुसरी, किस्से. फोटो फॉर्मला चिकटवून संपतात, किस्से मात्र वाढतच जातात. आमच्या धुळ्याच्या अभ्यासिकेत तर ते इतके साठले की शेवटी एक वही करावी लागली.

आम्ही तिघं. मी पहूरचा. इम्रान इथलाच, धुळ्याचा. त्याचे वडील सुतारकाम करतात. आणि फैजपूरची उज्ज्वला. ती तेहतीस वर्षांची, आमच्यात मोठी, म्हणून अक्का. अभ्यासिका नानांची. नाना पूर्वी कंडक्टर होते, त्यामुळे आम्ही जागेवर आहोत का हे ते दिवसातून चारदा मोजतात. खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. मे महिन्यात त्या पत्र्याखाली बसून जो घटनेची कलमं पाठ करतो, त्याला सरकारनं परीक्षा न घेताच घ्यायला हवं.

* * *

वहीची सुरुवात माझ्यापासून झाली. एका इंटरव्ह्यूत मला तीन मिनिटांत बाहेर काढलं. परत आलो, अभ्यास होईना, झोप येईना. मग एक कादंबरी सुरू केली. नायक कोण होता ते आता आम्हा कोणालाच आठवत नाही. खलनायक मात्र पहिल्याच पानावर आला. रंगराव. गावाचं पाणी अडवणारा, साधासुधा दुष्ट माणूस.

दुसऱ्या आठवड्यात इम्रान नापास होऊन आला. त्यानं वही ओढली आणि पुढचं पान लिहिलं. तिथून नियमच पडला: जो नाकारला जाईल, त्यानं त्या दिवशी रंगरावाचं पान लिहायचं.

मग रंगराव वाढायला लागला. इम्रानच्या पानात तो समोरचा बोलत असताना क्रीमची बिस्किटं उघडून आधी क्रीम खायला लागला. माझ्या पानात तो सर्टिफिकेट उलटं करून मागची कोरी बाजू वाचायला लागला. दोन वर्षांत त्याला इतक्या सवयी लागल्या की तो एक माणूस राहिलाच नाही, अख्खं पॅनेल झाला.

पण खरा रंगराव अक्कानं घडवला. वडिलांच्या आजारपणात तिची चार वर्षं गेली होती. कागदावर ती चार वर्षं रिकामी दिसतात, आणि प्रत्येक जण तिथंच बोट ठेवतो. एकदा ती जळगावहून आली, घामानं चिंब, आणि थेट लिहायला बसली. त्या पानात रंगराव कूलरचं तोंड स्वतःकडं करून बसलाय आणि दारात उभ्या बाईला विचारतोय, "मधली चार वर्षं काय केलं?" ती म्हणते, "वडील आजारी होते." रंगराव म्हणतो, "ते ठीक आहे, पण काम काय केलं?"

ते पान वाचून आम्ही त्या दिवशी चहाला गेलो नाही.

* * *

इम्रान मनानं मऊ. एकदा तो नापास होऊन आला आणि त्यानं रंगरावाची आई मारली. रंगराव तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला, पाणी सोडलं, गावाची माफी मागितली. अडीच पानांत माणूस साफ.

अक्कानं वाचलं आणि वही मिटली. "रडला म्हणजे सुधारला का? रडते तर मीही. माझं काय सुधारलं?"

इम्रान म्हणाला, "अक्का, कधीतरी सुधारायला पाहिजे ना त्याला."

"सुधारू. पण आपल्यात ज्याला नोकरी लागेल त्यानं सुधारायचा. आत्ता आपण त्याला माफ केलं तर ती माफी नाही, लाचारी आहे."

नियमात कलम वाढलं. आता प्रश्न होता मेलेल्या आईचा. पुढच्या आठवड्यात मी नापास झालो आणि डॉक्टरांची चूक झाली होती असं लिहून म्हातारीला उठवून बसवली. ती अजून जिवंत आहे आणि मुलापेक्षा वाईट आहे.

* * *

नानांना आम्ही कित्येक दिवस वही दाखवली नव्हती. एका दुपारी ते स्वतःच वाचत बसलेले सापडले. चष्मा कपाळावर, चेहरा लाल.

"हाऊ रंगराव तुमले कथा भेटना?" हा तुम्हाला कुठं भेटला, असं नाना त्यांच्या अहिराणीत विचारत होते.

"काल्पनिक आहे, नाना."

"कसाना काल्पनिक? हाऊ तर मन्हा जुना साहेब शे!"

त्या दिवसापासून नाना आमचे पहिले वाचक. कोणी पडेल चेहऱ्यानं जिना चढलं की आधी पाणी देतात, मग हळूच विचारतात, "मंग, आज काय कयं त्यानी?" रंगराव सुधारावा की नाही यावर त्यांचं ठाम मत होतं. "पह्यले त्यानी बदली करा. मंग पाहू."

* * *

आता थोडं उन्हाबद्दल. खान्देशात ऊन हा विषय काढायचा नसतो, तो आधीच निघालेला असतो.

मी आणि इम्रान एकाच पिशवीत फॉर्म घेऊन जळगावला गेलो. बस पारोळ्याला तासभर उन्हात उभी राहिली. फोटोंचा डिंक सुटला आणि इम्रानचा फोटो माझ्या फोटोवर जाऊन बसला. हे कळलं तेव्हा फॉर्म क्लार्कच्या हातात होता. त्यानं फोटोतली दाढी बघितली, माझी गुळगुळीत हनुवटी बघितली.

"हा तू?"

मी म्हणालो, "उन्हाळ्यात असा दिसतो, साहेब."

तो हसला नाही. फॉर्म परत दिला. त्या दिवसापासून रंगराव हसत नाही.

* * *

यंदाच्या मे महिन्यात अक्काच्या भावाचा फोन आला. "अक्का, पुष्कळ झालं. महिनाअखेर काही झालं नाही तर खोली सोड आणि घरी ये." भाऊ वाईट नाही. केळीची शेती आहे, ताटात कमी पडणार नव्हतं. पण फैजपूरला गेली की परत अर्ज भरणं होणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि आम्हालाही. तिनं फोन ठेवला, पाणी प्यायली आणि आणखी एक अर्ज भरला. मला तिच्यासाठी भीती वाटली तेवढी स्वतःसाठीही कधी वाटली नव्हती.

बोलावणं आलं जळगावहून, केळी साठवणाऱ्या एका शीतगृहाच्या ऑफिसातून. सुपरवायझरची जागा. तारीख एकोणतीस मे. ती पहाटेच्या बसनं गेली.

दहा वाजता इम्राननं वही काढायला कपाट उघडलं. नानांनी आम्हा सगळ्यांना एकसारख्या निळ्या फायली आणून दिल्या होत्या, आणि वहीही आम्ही तसल्याच फाइलीत लपवायचो, म्हणजे बघणाऱ्याला अभ्यास वाटावा. फाइल उघडली. आत अक्काचं दहावीचं मार्कशीट.

अक्का रंगरावाला घेऊन इंटरव्ह्यूला गेली होती.

फोन लावला तर बंद. इंटरव्ह्यूच्या दिवशी ती फोन बंदच ठेवते. नाना म्हणाले, "गाडी काढा." तिची फाइल घेऊन, डोक्याला ओले रुमाल बांधून आम्ही दोघं मोटरसायकलवर निघालो. पारोळा, एरंडोल, कुठं थांबलो नाही. वारा असा गरम की इम्रान मागून ओरडला, "तोंड मिटून चालव, जीभ भाजेल."

साडेबाराला पोचलो तर अक्का ऑफिसच्या पायरीवर बसलेली. मांडीवर निळी फाइल.

"वाचलं त्यांनी?" मी विचारलं.

"चार पानं. मधल्या साहेबांनी. पुढ्यात बिस्किटं होती, ती त्यांनी बाजूला सारली."

"कूलर?"

"त्यांच्याकडंच."

इम्रान खाली बसला. अक्का सावकाश सांगायला लागली. साहेबांनी विचारलं, हा रंगराव कोण? ती म्हणाली, कोणी एक नाही, थोडा थोडा जमवलाय. बाकीचे दोघं मान खाली घालून बसले होते. मग साहेबांनी तिचं कूलरचं पान पुन्हा एकदा वाचलं आणि विचारलं, "हा शेवटी सुधारतो का?"

"तू काय म्हणालीस?"

"खरं तेच. म्हटलं, आमच्यात कोणाला नोकरी लागली की सुधारणार आहे. अजून लागलेली नाही."

"मग?"

"मग म्हणाले, सर्टिफिकेटं दोनपर्यंत आणू शकाल का. मी म्हटलं, आणते. धुळ्याहून दोनपर्यंत कशी आणणार होते देव जाणे. पण आणते म्हटलं." तिनं हात पुढं केला. "द्या इकडं."

ती आत गेली. पाऊण तासानं बाहेर आली आणि बसस्टँडकडं चालायला लागली. आम्ही मागून गाडी ढकलत गेलो. काही विचारायची हिंमत दोघांचीही झाली नाही.

अभ्यासिकेत आम्ही तिच्या आधी पोचलो. ती जिना चढून आली तेव्हा नाना दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते, पण त्यांचा नेहमीचा प्रश्न त्यांच्याच्यानं निघेना.

"पेन दे," अक्का मला म्हणाली.

मी पेन पुढं केलं. आमच्याकडं नापास झालेलाही पेन मागतो.

ती खुर्चीवर बसली, वही उघडली, एकच ओळ लिहिली आणि वही इम्रानपुढं सरकवली. इम्राननं ती मनात वाचली. मग नानांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं वाचली:

"रंगराव उठला, आणि त्यानं कूलरचं तोंड समोरच्या बाईकडं वळवलं."