गेणबांचं पेन

भरे गावात रत्नदीपचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, पण त्याची ऐट मोबाइलमुळे नाही. तो जुनी शाईची पेनं खोलतो. शिकवलं कुणी नाही. भंगारातली पेनं आणली, मोडली, जोडली आणि हात बसला. बावधनच्या सोसायट्यांमधले साहेब लोक गाडी काढून येतात, तेव्हा निबाखालची जीभ उजेडात धरून हा त्यांना ऐकवतो, "हिच्यात केसाएवढी खाच असती. तितनंच शाई चालती. तुमी टाचण्या खुपसता आन् मग माझ्याकडं येता!" गावाला त्याचं कौतुक, आणि त्याला ते चढलेलं.

गंगूबाई आल्या त्या पदराच्या गाठीत पेन बांधून. त्यांचे मालक गेणबा जाऊन सहा वर्षं झाली. रेशनकार्ड असो, विधवेची पेन्शन असो, वस्तीतल्या कुणाचंही काम अडलं की अर्ज गेणबांच्या हातचा. कचेरीतले बाबू ते अक्षर ओळखायचे आणि टरकायचे.

"नात वकील झाली रं," गंगूबाई म्हणाल्या. "सोमवारी पौडच्या कोर्टात किमयाची पयली सही हाय. आजोबाच्या पेनानं करायची म्हणती. चालंल का?"

"न चालून सांगतंय कुणाला! शनिवारी या, आजी."

पेन परदेशी होतं, पोटाला बारीक खटका असलेलं. खटका उचलला की आतली रबरी पिशवी दबते, सोडला की शाई ओढते. असलं पेन रत्नदीपनं फक्त व्हिडिओत पाहिलं होतं. आपल्याकडच्या पेनांचा निबाचा तुकडा आट्यांवर बसतो. पिळला की निघतो. याचा नुसता दाबून लाखेनं चिकटवलेला. त्याला मंद ऊब द्यायची, थांबायचं, हलवत हलवत सरळ ओढायचं. एक फोन केला असता तर असली पेनं वापरणाऱ्या बावधनच्या साहेबांनी सांगितलं असतं. पण ज्यांना आपण झापतो त्यांनाच विचारायचं? त्यानं पकड लावली आणि पिळलं.

कट्‌ झालं. तोंडापासून खटक्यापर्यंत पेन उभं फाटलं. आतली पिशवी कधीच वाळून गेली होती, तिचा चुरा टेबलावर सांडला.

शनिवारी गंगूबाई आल्या तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. रत्नदीपच्या तोंडून निघून गेलं, "आजी, हे आधीच तडकलेलं हुतं. कवातरी पडलं असणार."

गंगूबाईंनी फाटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. त्या भांडल्या असत्या तर बरं होतं. भांडणात रत्नदीप कुणाला हार जात नाही. पण त्या म्हणाल्या, "त्येंनीच पाडलं आसंल. शेवटी शेवटी हात लई कापायचा. मी वरडंन म्हणून बोलले न्हाईत." मग हसल्या. "येडं माणूस. मेल्यावर घावला बघ चोर!"

गिऱ्हाइकंही हसली. रत्नदीपचे कान तापले. त्याच्या आईची पेन्शन ज्यांच्या तीन अर्जांनी सुटली, त्या माणसाच्या माथी त्यानं आपली चूक मारली होती.

"आजी, मी मोडलं. ते पिळायचं नव्हतं, मला ठावं नव्हतं. गेणबांनी न्हाई पाडलं."

हसू थांबलं. गिऱ्हाइकं उगाच आपापल्या मोबाइलकडं बघू लागली.

"मग मगाशी असं का बोललास?"

"चुकलं. मी दुसरं पेन आणून देतो—"

"पेन मागितलं का मी? त्येंच्यावर हसवलंस मला. माझ्याच तोंडनं त्येंला चोर म्हणवलंस."

रोज ज्याच्या जिभेला धार, तो टेबलाची कडा धरून उभा.

गंगूबाईंनी फाटलेलं पेन पदरात बांधलं. "चल. किमया घरी हाय. झालं तसं तिला तूच सांग. माझ्यानं न्हाई व्हायचं."

रत्नदीपनं शटर ओढून कुलूप लावलं. गंगूबाई पुढं, तो मागं. वाटेत चहाच्या टपरीवरून कुणी ओरडलं, "काय डॉक्टर, आज दवाखाना बंद? कुठं निघाली स्वारी?"

रत्नदीपनं मान वर केली नाही. गंगूबाईंनीही त्याच्या वतीनं काही सांगितलं नाही.