मणेरभाईंना मे महिना नको होता

"ह्ये न्हाय जमायचं, मॅडम," असं म्हणून मणेरभाईंनी प्लॅनचा कागद माझ्याकडे परत सरकवला.

तो माझा तिसरा प्लॅन होता. पहिला मे महिन्याचा, दुसरा जूनच्या सुरुवातीचा, तिसरा सप्टेंबरचा. तिन्हींत लंडन, एडिंबरा आणि शेवटी आयर्लंडमध्ये त्यांच्या मुलाकडे मुक्काम. तिन्ही मी मन लावून केले होते.

"काय आवडलं नाही?" मी विचारलं.

"आवडलं की. लई झ्याक केलंय. पर न्हाय जमायचं."

सई, निहार, 'आजी या वयात ऑफिसात जाऊन नक्की काय करते' असं तुम्ही मागच्या रविवारी फोनवर विचारलंत. तुमच्या बाबाने मध्येच 'टाइमपास' असं उत्तर दिलं. ते बरोबर नाही. म्हणून हा एक प्रसंग लिहून पाठवते. सावकाश वाचा, अक्षर मोठं ठेवलंय.

आपल्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर अभिजितचं ट्रॅव्हल ऑफिस आहे. तुमचे आजोबा गेल्यावर त्याने मला बोलावलं. इंग्रजी चांगलं आणि नकाशा वाचता येतो, एवढंच माझं भांडवल. ब्रिटन आणि आयर्लंडला जाणाऱ्या लोकांचे प्लॅन मी करते. प्लॅन करताना पहिला प्रश्न सीझनचा. जुलै-ऑगस्ट म्हणजे पीक सीझन. तिथल्या शाळांना सुट्टी, सगळीकडे गर्दी, सगळं महाग. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऑफ सीझन. थंडी, अंधार, बऱ्याच जागा बंद. या दोन्हींच्या मधले महिने, म्हणजे मे, जूनची सुरुवात आणि सप्टेंबर, यांना शोल्डर सीझन म्हणतात. दिवस मोठा, गर्दी कमी, हवा सोसवण्यासारखी. आयर्लंडमध्ये पाऊस बारा महिने असतो, पण तो आपल्यासारखा कोसळत नाही. सर्दी झालेल्या माणसाच्या नाकासारखा थेंबथेंब चालू असतो. मे महिन्यात तो त्यातल्या त्यात कमी.

शिवाय आमच्या ऑफिसची एक पद्धत आहे. माझ्या टेबलामागे मोठं कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यावर मी पेन्सिलीने फुल्या मारते. पितृपंधरवड्यात लोक प्रवासाला निघत नाहीत, तिथे फुल्या. गणपतीत कुणी घर सोडत नाही, फुल्या. मुरगूड-कागलकडच्या लोकांना ऊस कारखान्याला गेल्याशिवाय हलता येत नाही, त्यांच्यासाठी वेगळ्या खुणा. जैन मंडळींचा चातुर्मास, मुसलमान कुटुंबांचा रमजान. समोर कोण बसलंय ते बघून मी ते दिवस वगळते. गिऱ्हाइकाला सांगावंसुद्धा लागत नाही. अभिजित याचं कौतुक करतो. "काकू, तुम्ही विचारायच्या आधीच ओळखता," असं म्हणतो.

मणेरभाई हुपरीचे. घरातच त्यांचं चांदीकाम चालतं. पैंजणांना डाख द्यायचा, म्हणजे कड्या जाळावर एकमेकींना जोडायच्या, हे त्यांचं काम. मुलगा इरफान आयर्लंडमध्ये एका औषध कंपनीच्या गोदामात सुपरवायझर आहे. त्याचाच मेल आला होता. 'अब्बांना चांगल्या हवेत पाठवा. लंडन, किल्ले, समुद्र, सगळं दाखवा. मी रजा काढतो.' मी त्याप्रमाणेच केलं होतं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, हाताशी भरपूर वेळ होता.

आणि मणेरभाई तिसऱ्यांदा बसने येऊन 'न्हाय जमायचं' म्हणत होते. कोल्हापूरकडची माणसं नाही म्हणायला लाजत नाहीत. कारण सांगायला मात्र फार लाजतात.

अभिजितने त्याच्या केबिनमधून मान बाहेर काढली. "पावणं, तिकडं मे म्हणजे एक नंबर. आमच्या काकूंनी सगळा अभ्यास केलाय."

"अभ्यासाला कोण नाव ठेवतंय?" मणेरभाई म्हणाले. मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, "त्याच्या आदी कायतरी न्हाय का, मॅडम?"

"एप्रिलअखेर करता येईल. वारा असेल थोडा."

"त्याच्या बी आदी?"

"त्याच्या आधी नको," मी म्हटलं. "फेब्रुवारी-मार्चमध्ये या वेळी रमजान आहे. म्हणून तर मी ते दिवस टाळले."

त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. माझ्या पेन्सिलीच्या फुल्या ओळीने दिसत होत्या.

"कुणी सांगिटलं टाळा म्हणून?"

कुणीच सांगितलं नव्हतं.

"रमजानातच जायचंय मला," ते म्हणाले.

मी त्यांना पाणी दिलं. दुपारची वेळ होती, ऑफिसात तिसरं कुणी नव्हतं. अभिजित फोनवर होता. मग हळूहळू त्यांनी सांगितलं. त्यांची बायको गेल्या उन्हाळ्यात गेली. इरफान विमानाने निघाला, पण पोहोचेपर्यंत माती झाली होती. थोडे दिवस राहून तो परत गेला. पुढचा रमजान हा आई नसलेला पहिला. तिकडे त्याची ड्यूटी दुपारची. रोजा सोडायची वेळ, म्हणजे सूर्य बुडण्याची वेळ, नेमकी कामात येते. मशिदीत सगळ्यांबरोबर बसायला मिळत नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसून तो एकटाच खजूर खातो, पाणी पितो आणि परत आत जातो.

"आदी काय व्हायचं, त्याची आई फोन लावून बसायची," मणेरभाई म्हणाले. "त्याचा रोजा सुटतोय तवा हिकडं मध्यान्रात व्हायला आल्याली असती. पर ती बसायची. त्यानं खजूर तोंडात टाकला की मग झोपायची. आता रोजं न्हाईत, तरी त्याच टायमाला मी लावतोय फोन. तो म्हणतो, अब्बा, झोपा तुमी. आमी दोघं बी काय बोलत न्हाय. नुसता फोन चालू असतोय."

"आणि तुमचं इकडे?"

"माझं काय. लेकीचं घर लांब, सांगलीला. भाऊबंद बोलवत्यात की. पर आपल्या घरात ताट वाढून घ्यायचं आनि भोंग्याकडं कान लावून बसायचं..." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "जेवान एकट्यानं व्हतंय, मॅडम. रोजा एकट्यानं सुटत न्हाय."

मला त्यातलं अर्धं ठाऊक होतं. माझा डबा त्या वेळी टेबलावरच होता. अजून उघडायचा होता.

प्रश्न आता इरफानचा होता. त्याच्याशिवाय काहीच करता येत नव्हतं, कारण बोलावणं त्याचं आणि राहायचं त्याच्याकडे. मी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. मागे खिडकी होती आणि खिडकीत करडा उजेड. बापलेक घरी दखनी बोलतात, हिंदी-मराठीच्या मधलं. तुम्हाला कळावं म्हणून मी मराठीत लिहिते.

"आंटी, तुम्ही तरी समजवा," इरफान म्हणाला. "त्या दिवसांत इथे बघण्यासारखं काही नसतं. पाऊस, वारा, अंधार. मला रजाही मिळणार नाही. अब्बा दिवसभर फ्लॅटमध्ये एकटे बसतील."

"हितं काय जत्रंत बसलोय?" मणेरभाई म्हणाले.

"अब्बा, थंडी सोसायची नाही तुम्हाला."

"जल्म जाळापुढं गेला माझा. जरा गार हवा लागू दे."

इरफान हसला, पण लगेच थांबला. "मेमध्ये या ना. मी रजा काढतो, फिरू आपण. चांगलं दाखवतो सगळं."

"मला चांगलं दाखवू नगंस," मणेरभाई म्हणाले. "तू गाडीत बसून खातोस, तितं मला घिऊन चल. मी मागच्या शिटावर बसतो."

स्क्रीन एकदम काळी झाली. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग कळलं की त्याने फोन टेबलावर पालथा ठेवलाय. थोड्या वेळाने त्याने तो उचलला आणि मला विचारलं, "आंटी, व्हिसाला किती वेळ लागेल?"

अभिजितला हे पटलं नाही. मणेरभाई गेल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला.

"काकू, ऑफ सीझनला पाठवलं की लोक परत येऊन आपल्याला शिव्या देतात. रिव्ह्यू खराब येतो. लंडनचं काय?"

"लंडन ईदनंतर. तोवर दिवस मोठा व्हायला लागतो. मार्च संपताना तिथे घड्याळं तासभर पुढे करतात. इरफानला तेव्हा थोडी रजा मिळतेय."

"आणि एडिंबराचा किल्ला?"

"किल्ला काढून टाकलाय."

"म्हणजे महिनाभर माणूस एका फ्लॅटमध्ये. याला टूर म्हणत नाहीत, काकू."

"नाहीच म्हणत," मी म्हटलं.

व्हिसाची काळजी मलाही होती. आयर्लंडचा व्हिसा वेगळा आणि ब्रिटनचा वेगळा. अर्जात प्रवासाचं कारण लिहावं लागतं. आम्ही एरवी 'पर्यटन' लिहितो. पण फेब्रुवारीत आयर्लंडला महिनाभर पर्यटन करणारा हुपरीचा एकटा विधुर कुठल्याही अधिकाऱ्याला खटकेल. तो परत येणार नाही, अशी शंका घेऊन ते अर्ज नाकारतात. मग पासपोर्टवर तो डाग राहतो आणि पुढच्या वेळी आणखी अवघड होतं. म्हणून मी अर्जासोबत साध्या इंग्रजीत खरं तेच लिहिलं. बायको वारली आहे, मुलगा एकटा आहे, उपवासाचा महिना त्याच्यासोबत काढायचा आहे, हुपरीत स्वतःचं घर आणि काम आहे, ईदनंतर परत यायचं आहे. अभिजितने ते वाचलं. "फारच घरगुती झालंय," म्हणाला. मी बदललं नाही.

मणेरभाई पुण्याला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले. डाख देणाऱ्यांची बोटं भाजून गुळगुळीत होतात, त्यामुळे ठसे उमटेनात. पुन्हा पुन्हा घ्यावे लागले. "तितली पोरगी म्हणाली, काका, तुमी चोरी केलीसा तर घावणारच न्हाय," असं त्यांनी येऊन सांगितलं. मग वाट बघणं. डिसेंबर गेला, जानेवारी अर्धा गेला. रोज सकाळी ते मला फोन करायचे. मी म्हणायची, अजून नाही. ते म्हणायचे, "बरं बरं," आणि ठेवायचे. त्या फोनची मला सवय झाली. दिवसातलं पहिलं बोलणं तेच असायचं.

आधी आयर्लंडचा व्हिसा आला, मग ब्रिटनचा. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला नाही. येण्याचं कारणच उरलं नव्हतं.

रमजान लागायच्या आदल्या आठवड्यात ते गेले. विमानतळावर कुठल्या पाटीखाली थांबायचं, हे मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं. पोहोचल्यावर काही दिवसांनी एक फोटो आला. गाडीच्या आतून काढलेला. काचेवर पाऊस, पलीकडे पार्किंगचे दिवे, डॅशबोर्डवर डब्याच्या झाकणात खजूर आणि भजी. दोघांपैकी कुणीही फोटोत नव्हतं. खाली काही लिहिलेलंही नव्हतं.

ईदनंतर लंडन बघून ते परतले आणि पेढे घेऊन ऑफिसात आले. अंगावर इरफानचं जाड जाकीट होतं. कोल्हापुरात तेव्हा ऊन भाजत होतं.

"काय काय बघितलंत?" मी विचारलं.

"पाऊस बघिटला. खिडकीतनं. पोरगं येस्तोवर."

"कंटाळला असाल."

"कटाळलो की," ते म्हणाले. "पर वाट बघायला माणूस हाय म्हटल्यावर कटाळ्याचं काय बी वाटत न्हाय."

अभिजित बाहेर आला. "पावणं, गुगलवर दोन ओळी लिवा की आमच्याबद्दल."

"मला कुटलं येतंय. तूच लिव, मी सांगतो." मणेरभाईंनी थोडा विचार केला. "हवा वाईट. सीझन चांगला."

अभिजितने ते तसंच टाकलंय. लोक फोन करून अर्थ विचारतात. तो फोन मला देतो.

कॅलेंडरवर मी अजून फुल्या मारते, पण पेन्सिल उचलायच्या आधी विचारते. आणि 'कुठे जायचंय' यानंतर 'तिथे कोण आहे' हेही विचारते. कुणी नसेल तर मे महिना. कुणी असेल तर ते माणूस घरात केव्हा असतं, ते बघून.

सई, निहार, मी तुमच्याकडे लीड्सला दर वेळी जूनमध्ये आले, कारण माझ्याच तक्त्याप्रमाणे तो सगळ्यात चांगला काळ. रात्री दहापर्यंत उजेड असतो. तुम्ही दोघं मैदानावर असता, तुमचे आई-बाबा बागेत नाहीतर मित्रांकडे. मी खिडकीपाशी तुमचे कपडे घडी करत बसते. हवा खरोखर सुंदर असते.

तुमच्या बाबाला मी कळवलंय की या वेळी फेब्रुवारीत येईन. तो म्हणाला, "आई, काहीतरीच काय? पाचला अंधारायला लागतं, कुणी घराबाहेर पडत नाही."

मी त्याला म्हटलं, तिकीट काढलंय.