जोडीतला एकेक गोट

मरताना सासूबाईंनी डाव साधला. त्यांच्या हातांत चांदीचे भरीव गोट होते, त्यांच्या आजेसासूपासून चालत आलेले. घराची रीत अशी की जोडी थोरल्या सुनेला जायची. सासूबाईंनी एक गोट जाऊबाईंना दिला, एक मला. म्हणाल्या, "दोघी एका जिवानं ऱ्हावा." जन्मभर इकडचं तिकडं लावून आम्हाला झुंजवलं, त्या बाईचं हे बोलणं!

थोरली म्हणून जोडी माझी, असं जाऊबाई म्हणायच्या. सासूचं हागणंमुतणं मी काढलं म्हणून जोडी माझी, असं मी म्हणायची. दोघींचाही एकेक हात लंकेची पार्वती. लग्नाकार्याला बायका आमच्या हातांकडं बघून पदराआड हसायच्या. मला त्या बायकांचा राग यायचा, आणि त्याहून जास्त जाऊबाईंचा.

पुढं रझाकारांचे दिवस आले. आमचं गाव देवगाव फाट्यापासून जवळ. रस्त्यावर धूळ दिसली तरी धाड आली म्हणून लोक दागिने घेऊन परसात पळायचे आणि पुरायचे. आम्ही दोघींनी मात्र गोट हातातच ठेवले. एका खड्ड्यात पुरायचे तर भरवसा कुणाचा? घरातले पुरुष कपाळ बडवून घ्यायचे.

त्याच दिवसांत थोरले दीर तापानं गेले. भावकीतल्या विधवा बाया जमल्या. त्यांनी जाऊबाईंच्या बांगड्या फोडल्या, मग गोटाला हात घातला. विधवेच्या हातात गोट राहत नाही, तो घरातल्या सवाष्णीकडं जातो. म्हणजे माझ्याकडं. गोट निघेना. त्यांनी तेल लावलं, ओढलं, मनगट सोललं. जाऊबाई फक्त माझ्याकडं बघत होत्या.

मला ती जोडी हवी होती, लय हवी होती. पण अशी नको होती. भांडून, त्यांच्या तोंडून हार वदवून घ्यायची होती. त्या मरतुकड्या बायांनी फुकट आणून द्यावी, इतकी मी भिकारी नव्हते.

"सोडा तो हात," मी ओरडले. "ह्या घरचा गोट हाय. तुमी कोण काढणाऱ्या?"

बाया मला शिव्या घालत निघून गेल्या. जाऊबाईंनी आभार मानले असते तर मी त्यांना ओळखलंच नसतं.

"मुद्दाम केलंस," त्या म्हणाल्या. "रांडमुंड बाई गोट घालून हिंडायलीय, असं गावानं मला हिणवावं म्हनून."

"तसंच समजा," मी म्हणाले.

गावानं हिणवलंच. त्यांनी हट्टानं गोट काढला नाही. भांडी घासताना बांगड्यांविना तो एकटाच पितळेवर आपटायचा, आणि मला वाटायचं, मलाच ऐकवायला आपटतात.

एकदा सरकी निवडताना, मान वर न करता त्या म्हणाल्या, "माझ्या मढ्याच्या हातातला तू काढायचा. त्या बायांना शिवू देऊ नको."

"अन् मी आधी मेले तर?"

"तर तुझा मी काढीन," त्या म्हणाल्या, आणि सरकीची पाटी माझ्यापासून लांब ओढून घेतली.