नलूताईंचा आवाज पुसला, आणि माफी मी मागायची?

मंडळी, आत्ताच घरी पोचले, आणि लगेच लिहायला बसले.

आज सावर्ड्याला पुतणीची हळद होती. माझे धाकटे दीर, विनूभावोजी, गेल्या आठवड्यात माझा छोटा एमपीथ्री प्लेअर घेऊन गेले होते. "स्पीकरला जोडायला हवाय वहिनी, सांभाळून वापरतो," म्हणाले, म्हणून दिला.

त्यात नलूताईंची गाणी होती. पूर्णगडच्या देवळात उत्सवाला त्या गायच्या, तेव्हा अगदी पुढे बसून मी स्वतः रेकॉर्ड केलेली. त्यांची कॅसेट कधी निघालीच नाही. आता त्याही नाहीत.

दुपारी मांडवात पोचले तर प्लेअरवर नुसता धांगडधिंगा. मी विचारलं, "नलूताईंची गाणी ठेवलीत ना?"

"जागा पुरेना, सगळी उडवली," भावोजी हसले. "यूट्यूबवर असेलच की ती म्हातारी!"

मी सरळ वायर उपटली आणि प्लेअर पर्समध्ये टाकला. नाच थांबला.

"एका डबड्यासाठी शुभकार्यात तमाशा?" भावोजी ओरडले.

"तमाशा तुम्ही केलात. माणूस पुसून टाकलंत तुम्ही!"

सासूबाई म्हणाल्या, "लग्नघर आहे गो, माफी माग त्याची." मी चपला घातल्या आणि एसटी पकडली.

रत्नागिरीत उतरल्यावर दुकानात प्लेअर दाखवला. वर नवीन भरल्यामुळे जुनं परत येणार नाही म्हणाले.

आता नवऱ्याचा फोन. "उद्या लग्नाला येण्याआधी विनूला सॉरी म्हण."

लग्नाला मी जाणार. पोरीचा काय दोष? पण माफी मागणार नाही. अख्ख्या मांडवात एकाने तरी विचारलं का, कोणती गाणी गेली म्हणून? तुम्ही मागितली असतीत माफी?