खालच्या बगिच्यातलं पाणी

माझी वहिनी कुठलंही दार लावून निघाली की दहा पावलं जाऊन परत येते. कुलूप ओढून बघते, निघते, आणि कधी कधी पुन्हा परत येते. गॅसचं तसंच, नळाचं तसंच. घरात यावर सगळे हसतात. मीही हसत आले. हसताना दर वेळी मला माझं एक जुनं कृत्य आठवायचं. बत्तीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही. आज लिहिते आहे ते सांगून झाल्यावर. त्याआधी लिहिलं असतं तर तीही एक लबाडीच झाली असती.

माझं माहेर मोर्शीपासून थोडं आत, संत्र्याच्या पट्ट्यात. मी राहते अकोल्यात, शाळेत शिकवते. वहिनीचं नेमकं उलटं. तिचं माहेर अकोल्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरींचं पाणी खारट, ना पिण्याच्या कामाचं ना ओलिताचं. तिथून ती लग्न होऊन आमच्याकडे आली, तेव्हा वीस वर्षांची होती. मी अठराची. विहिरीतलं गोडं पाणी पहिल्यांदा प्यायली तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं होतं की जणू आम्ही इतके दिवस तिच्यापासून काही लपवून ठेवलं होतं.

चारेक वर्षांपूर्वी ती महिला गटाच्या सहलीत नाशिककडे गेली. तिथे द्राक्षांच्या मळ्यांतून फिरून पुन्हा निघाल्या जागी आणून सोडणारी एक पायवाट होती. शहरातली माणसं टोप्या घालून हौसेने चालत होती आणि शेवटी वाइनचे घोट घेत होती. वहिनी घरी आली ती एकच प्रश्न घेऊन. "द्राक्षाच्या वावरात लोकं फिरतात, तं आपल्या संत्र्यात काहून नाई फिरत?"

दादा म्हणाला, संत्र्यात काय पाहायचं आहे. वहिनीने ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. शेजारच्या तीन बगिच्यांच्या मालकांशी ती स्वतः बोलली. धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेतांच्या बांधाने, जाणारी वाट साफ करून घेतली, वळणावळणावर चुना लावलेले दगड ठेवले. आमच्या अंगणातून निघायचं, खालच्या बगिच्याच्या कडेने जायचं, नाला ओलांडून पलीकडच्या बागांतून वर चढायचं आणि मागच्या दाराने पुन्हा अंगणात. चार किलोमीटर भरतात. हिवाळ्याच्या दिवसांत रविवारी दोन तुकड्या येतात, एक सकाळी, एक दुपारी. शेवटी रस मिळतो. "आमच्याइथं वाइन नाई," वहिनी सांगते, "पन हे पिऊन गाडी चालवता येते."

मी मात्र त्या वाटेवर कधी चालले नव्हते. काहीतरी कारण काढायचे. कधी तपासायचे पेपर, कधी गुडघे. मग गेल्या वर्षी डॉक्टरांनीच रोज चालायला सांगितलं आणि वहिनीच्या हाती आयतं कारण आलं. डिसेंबरातल्या एका शनिवारी मी अकोल्याहून बसने माहेरी पोचले, आणि रविवारी सकाळी नागपूरची दोन कुटुंबं आणि पुण्याच्या एक बाई यांच्या मागोमाग निघाले.

सकाळ छान होती. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. वरच्या बागेत अजून फळ लटकलेलं, फांद्या ओझ्याने जमिनीला टेकू बघत होत्या, त्यांना बांबूचे टेकू दिलेले. वहिनीने सगळ्यांना एकेक संत्रं तोडून दिलं. सोललं की हाताला येणारा तो वास घेऊन मी पुष्कळ वर्षांनी लहान झाले. अशा वाटेने, अशा माणसाबरोबर चालायला मिळावं, हे काही कमी नाही, असं मनात आलं. आणि त्याच वेळी खालचा बगिचा आला.

खालच्या बगिच्यातलं फळ आधीच निघालं होतं आणि झाडं ताणावर होती. पाहुण्यांना कळेना, इतकी झाडं एकदम वाळायला का लागली. वहिनी थांबली. तिने समजावलं, की संत्र्याला फुलं आणायची तर आधी त्याला तहानलेलं ठेवावं लागतं. डिसेंबरात पाणी तोडायचं. महिना-सव्वा महिना झाड तसंच कोरडं उभं ठेवायचं. पानं पिवळट होतात, मान टाकतात, थोडी गळतात. मग संक्रांतीच्या सुमाराला पाणी सोडलं की काही दिवसांत झाड फुलांनी पांढरं. आणि मधेच पाणी मिळालं तर ताण तुटतो, झाड फुलांऐवजी नुसती पानं काढतं, त्या वर्षीचा बहार गेला.

"आता गंमत आयका," ती म्हणाली.

ती गंमत म्हणजे ती स्वतः. नवी नवरी, खाऱ्या पाण्याच्या गावची पोट्टी. तिला ताण काय माहीत? झाडं मान टाकताना बघून तिचा जीव तुटायचा. कुणीतरी पाणी द्या म्हणून तिने घरात सांगितलंही होतं, तर सगळे हसले. मग एक दिवस ती विहिरीवर गेली, मोटार लावली, पिण्याच्या पाण्याचा पितळी गुंड भरला आणि मोटार बंद न करताच घरी आली. संध्याकाळी वीज जाईपर्यंत मोटार चालली आणि हा अख्खा बगिचा भिजला. त्या साली इथे एक फूल आलं नाही.

नागपूरच्या एकाने विचारलं, मग काय शिक्षा झाली?

"काई नाई. मोटारीच्या पेटीची चाबी त्या दिसापासून यायच्या करदोड्याले," तिने लांब झाडांतल्या वाळक्या काड्या काढत असलेल्या दादाकडे बोट केलं, "ते अजून तिथंच आहे."

सगळे हसले. पुण्याच्या बाई म्हणाल्या, किती छान सांगता हो तुम्ही. माझ्या हातात संत्र्याच्या दोन फोडी होत्या, त्या तशाच राहिल्या.

आता मी सांगते. त्या दिवशी दुपारी मी विहिरीवर गोधड्या धुवायला गेले होते. बाबांनी आदल्याच दिवशी मला बारावीनंतर अकोल्याला शिकायला ठेवायचं कबूल केलं होतं. मी हवेत होते. मोटार लावली, हौद भरायला घेतला, गोधड्या धुतल्या, त्या वाळत घालायला पार टोकाच्या काटेरी कुंपणापर्यंत गेले. तिथे बोरीचं झाड होतं. बोरं वेचत, खात, अकोल्याचं मनातल्या मनात घर मांडत दोन तास बसले. हौद भरून वाहत होता, आणि हौदाचं वाहतं पाणी दांडाने, म्हणजे मातीच्या पाटाने, थेट खालच्या बगिच्यात जायचं. मी परत आले तेव्हा आळी न आळी भरलेली. भेगा पडलेली काळी जमीन पाणी पिताना जो आवाज करते तो मी तेव्हा ऐकला. मोटार बंद केली. ओल्या गोधड्या कुंपणावरच ठेवून घरी गेले आणि डोकं दुखतंय म्हणून निजले.

दुसऱ्या दिवशी दादाने ओरडून घर डोक्यावर घेतलं. बाबा एवढंच म्हणाले, ज्याला मोटार सांभाळता येत नाही त्याच्या हाती काय द्यायचं. ते कुणाला उद्देशून नव्हतं, पण मला त्यात माझं अकोलं जाताना दिसलं. तोंड उघडायच्या आतच कुणीतरी म्हणालं, सकाळी नवी सून विहिरीवरून गुंड घेऊन आली होती. वहिनी म्हणाली, मी मोटार बंद केली होती. एकदा म्हणाली, दुसऱ्यांदा जरा हळू म्हणाली. मग गप्प झाली. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. माझी भाकरी जळली, हे मला आठवतं.

मी अकोल्याला गेले. शिकले, नोकरी लागली, तिथेच घर केलं. वसतिगृहातल्या त्या तीन वर्षांत वहिनीची आई दर पंधरा दिवसांनी बस धरून माझ्यासाठी ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी घेऊन यायची. आपल्या लेकीची नणंद परगावी एकटी आहे म्हणून. मी ते खाल्लं. आवडीने खाल्लं. हे सगळ्यात सांगायला जड जातं.

नाल्यावर वहिनी पाहुण्यांना थोडं बसू देते. निंबाखाली दगड मांडलेले आहेत, पाणी आहे. मंडळी फोटो काढायला काठाने पुढे गेली. वहिनी दगडावर बसून लुगड्याला चिकटलेलं कुसळ काढत होती. वाट तिथे निम्मी झालेली असते. मागे फिरलं तरी तेवढंच अंतर, पुढे गेलं तरी तेवढंच.

मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मोटार मी चालू ठेवली होती. तुम्ही नाही."

तिने कुसळ काढणं थांबवलं नाही. मी गोधड्यांपासून बोरांपर्यंत सगळं सांगितलं. अकोल्याचंही सांगितलं. रडले नाही, रडणं तिच्यावर लादणं झालं असतं.

कुसळ निघाल्यावर तिने विचारलं, "किती टाइम चालू होती?"

"दोन तास. थोडी जास्तच."

"मंग बरोबर." ती नाल्याकडे बघत होती. "सकाळी म्या सोडली असती तं संध्याकाळवरी विहीर आटली असती. म्या हे कितीकदा मनात मांडलं, जमेच ना. मी बटन दाबलं का नाई दाबलं, हे आठवू आठवू म्हातारी झाली, ताई. पयले पक्कं आठवे का दाबलं. मंग तुमी सगळे म्हनत गेले तं मलेच वाटाले लागलं का नसन दाबलं."

मी तिच्या बदनामीची अपराधी आहे असं समजत होते. ती तर हसण्यावारी नेऊन तिने केव्हाच पचवली होती. मी घेतला होता तो तिचा स्वतःवरचा भरवसा. कुलूप ओढून बघायला परत फिरणारी ती दहा पावलं माझी होती.

"माफ करा" हे शब्द मी मराठीच्या तासाला शेकडो मुलांकडून म्हणवून घेतले आहेत. मला ते नीट म्हणता आले नाहीत. वहिनी उठली. पाहुण्यांना हाक मारली आणि पुढे चालू लागली. उरलेली निम्मी वाट ती सगळ्यांशी बोलली, माझ्याशी नाही. कलम कसं बांधतात ते तिने दाखवलं, पुण्याच्या बाईंना चढावर हात दिला. मी सगळ्यांच्या मागे. प्रत्येक पांढऱ्या दगडापाशी वाटे, आता वळून बघेल. अंगणात पोचल्यावर तिने सगळ्यांना रस दिला आणि मलाही दिला. माझा पेला तिने दोनदा विसळून घेतला होता, नेहमी घेते तसा. एवढ्यावर मी त्या दुपारी जगले.

जेवणं झाल्यावर दुपारची तुकडी आली. मी अंगणात थांबणार होते. वहिनी म्हणाली, चला. खालच्या बगिच्याशी पोचल्यावर तिने ताण समजावला, अगदी सकाळसारखाच. दादा तिथेच होता, कोयता हातात, खांद्यावर दुपट्टा. वहिनीने माझ्याकडे बघितलं.

"आता इथली गोष्ट आमच्या ताई सांगतात."

मी सांगितली. अनोळखी माणसांसमोर, झाडांसमोर, दादासमोर. कुणी हसलं नाही. मी कशी सांगितली ते मला आठवत नाही. शिकवण्याचा आवाज मात्र कुठे गेला होता. पाहुणे बिचारे पायांकडे बघत पुढे सरकले.

दादा झाडांतून वाटेवर आला. मग वहिनीला म्हणाला, "मंग तू बोलली काहून नाई तवा?"

"बोलली होती. दोनदा बोलली. तुमी आयकलं नाई."

दादाने दुपट्ट्याने तोंड पुसलं. पुष्कळ वेळ पुसलं. मग सदरा वर करून करदोड्याशी झगडू लागला. बत्तीस वर्षांची गाठ, ती काही सुटेना. शेवटी त्याने कोयत्याने दोरा कापला आणि चावी तिच्यापुढे धरली. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "बोरं तरी गोड होती का?" आणि झाडांत निघून गेला. दादाचा राग मला ओळखता येतो. तो राग नव्हता. पूर्ण माफीही नव्हती, आणि ते बरोबरच होतं.

मी त्या दिवसाची ऋणी आहे. वहिनीने मला मोठ्या मनाने मोकळं केलं असतं तर मी पुन्हा तिच्या उपकाराखाली गेले असते. तिने मला काम दिलं. आता हिवाळ्यात मी महिन्यातले दोन रविवार अकोल्याहून येते, आणि खालच्या बगिच्याची गोष्ट मी सांगते. लोक कधी हसतात, कधी नाही. वहिनी बाजूला उभी राहून ऐकते आणि बोरांचं सांगायचं राहिलं तर आठवण करून देते.

त्या पहिल्या संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर, तिने स्वतः मोटार लावून हौद भरला, बंद केली, पेटीला कुलूप घातलं. उजेड होता अजून. आम्ही दोघी घराकडे निघालो. दहा पावलांवर ती थांबली. मीही थांबले.

ती वळली नाही. चावी माझ्या हातात दिली.

"तुमी पाहून या."

मी परत गेले. पेटी उघडली, बटण बघितलं, कुलूप लावून ओढून बघितलं. मग तिच्यापाशी येऊन सांगितलं, "बंद आहे, वहिनी. तुम्हीच केली आहे."

"हो ना," ती म्हणाली, आणि आम्ही चालू लागलो.