बाळंतिणीचं तित्तर

सिंधूला बाळंत होऊन अकरा दिवस झाले, तरी माहेरच्या घरात तित्तर आलं नव्हतं.

बाळंतिणीला पहिला रस्सा तित्तराचा, आणि ते सासऱ्यानं आपल्या हातानं धरलेलं. तोवर त्यानं नातवंडाचं तोंड पाहायचं नाही, अशी त्यांच्यातली रीत. पण सासरा हणमंत फिरकलाच नव्हता. सिंधूला दूध येईना. पोर रडून दमायची आणि दम आला की पुन्हा रडायची.

"पोरगी झाली म्हणून रुसलाय त्यो," सिंधूची आई नीलाबाई नवऱ्याला, उद्धवला, म्हणाली. "बसा तुमी रीत चाटत."

उद्धव पिंजरा उचलून मुरुडच्या माळावर गेला.

चैताचे दिवस. या दिवसांत दुसऱ्या नराचा आवाज ऐकला की तित्तर भांडायला धावून येतं. म्हणून पाळलेला नर पिंजऱ्यात ठेवायचा, भोवती घोड्याच्या केसांचे फास रोवायचे. पण दुष्काळानं माळ खरवडून काढल्यासारखा झाला होता. लातूर जिल्हा होऊन वर्ष भरलं नव्हतं, तेवढ्यात कुठल्याशा कचेरीसाठी चुना फासलेले दगड तिथं येऊन बसले होते. पाखरू कुठं नव्हतं. उद्धवचं तित्तर तीन दिवस मुकं राहिलं.

चौथ्या सकाळी उद्धवनं तोंडानंच आवाज काढला. एकदा. पुन्हा एकदा.

करवंदीच्या जाळीपलीकडून जबाब आला.

उद्धव थांबला, पुन्हा तित्तरासारखा बोलला, पोटावर चार हात सरकला. पलीकडचा आवाजही सरकत जवळ येत होता. ऊन चढत होतं. आता उडालं तर संपलंच. त्यानं श्वास धरून जाळी बाजूला केली.

समोर कोपरांवर रांगत, ओठांचा चंबू करून, त्याचा व्याही हणमंत.

"तुमी व्हय त्ये तित्तर!" हणमंत म्हणाला. "मला वाटलं, लई म्हातारा नर हाय, घसा बसलाय."

"अन् तुमचा लई गोड हाय! नात चौदा दिसाची झाली इवाई, आन् तुमी हितं रांगून राहिले?"

"मंग रिकाम्या हातानं येऊ? आठ दिस झाले फिरून राहिलोय. औशापस्तोर गेलतो. माझं बी पाखरू बोलंना."

त्याचे कोपर सोलले होते. उद्धवला नीलाबाईचे शब्द आठवले. त्यानं ते गिळले.

"कुठंय तुमचा पिंजरा? आणा हिकडं. एकटं कुणाशी भांडंल त्ये?"

दोघांनी पिंजरे समोरासमोर मांडले, मध्ये फास रोवले आणि जाळीत दबले. दोन्ही नर मान ताठ करून एकमेकांकडे बघत राहिले. मग हणमंतचं बोललं. उद्धवचं त्याच्यावर आवाज चढवून बोललं. माळ दणाणला. हणमंतचा गुडघा सारखा हलत होता. उद्धवनं त्यावर हात दाबून धरला.

दगडांआडून एक नर पिसं फुगवून निघाला. थबकला. मागं वळला. पिंजऱ्यातली दोन्ही पुन्हा एकदम ओरडली, तसा तो मुसंडी मारून आला आणि फासात अडकून फडफडला.

फास उद्धवचा होता. हणमंतनं तो पाहिला आणि हात मागं घेतला.

"धरा की," उद्धव म्हणाला.

"तुमच्या फासातलं हाय."

"हात तर तुमचा लागंल. धरा म्हन्तो ना, पोरगी भुकेली हाय तिकडं!"

हणमंतनं तित्तर धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि निघाला. आपला पिंजराही त्यानं उचलला नाही. उद्धव दोन हातांत दोन पिंजरे घेऊन मागून पळत होता. आत नर भांडतच होते.

"इवाई, दमानं! घर डाव्या अंगाला हाय!"

हणमंत डावीकडं वळला, पण थांबला नाही.