लग्नापुरता गोरेपणा

तिने हातरुमालाचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं आणि माझ्या गालावर घासलं.

असोद्याला आमच्या घरी, पुढच्या खोलीत. धुळ्याहून मला पाहायला आले होते. पोहे झाले होते, चहा झाला होता. मुलाच्या आईने शिक्षण विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. मग म्हणाली, "आठे ये, जवळ ये." मी गेले. तिने माझी हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. बैल घेताना दात बघतात तसं. आणि घासलं.

पावडर निघाली. खालचे डाग उघडे पडले. तिने रुमाल उलगडून आपल्या नणंदेला दाखवला.

"डाग शेतस," ती म्हणाली. मला नाही. नणंदेला.

नाना, म्हणजे माझे वडील, हात जोडल्यासारखे बसले होते. म्हणाले, "उन्हाचे हायेत. जातीन."

मुलगा मोबाइल बघत होता. त्याची आई माझ्या तोंडावर रुमाल घासत असतानाही त्याने मान वर केली नाही.

उठताना ती म्हणाली, "पोर चांगली शे. शिकेल शे. नोकरी बी करस. पन तोंडना डाग काढा, मंग देखसूत."

डाग काढा, मग बघू. वापरलेलं भांडं घासून आणा, मग विचार करू, तसं.

मी काळीच आहे. आमच्या घरात सगळेच. माय आणि नाना दुसऱ्यांच्या केळीत कामाला जायचे, सुटीत मीही. दहावीनंतर गालांवर पुटकुळ्या आल्या, त्या मी फोडल्या, त्यांचे डाग राहिले. मग दोन्ही गालांवर वांग आलं. बी. ए. केलं, जळगावात साडीच्या दुकानात नोकरी धरली. शेठने पहिल्याच दिवशी माझ्याकडे पाहून मला मागच्या बाजूला उभं केलं. अस्तर, फॉल, परकर. शालू आणि पैठणीच्या काउंटरला गोऱ्या मुली. हे कोणी बोललं नव्हतं. बोलावं लागत नव्हतं.

पाहुणे गेले. मी कपबशा विसळल्या. घरातलं एकही माणूस म्हणालं नाही की त्या बाईने केलं ते वाईट केलं. जळगावला राहणारी माझी आत्या आली होती. ती म्हणाली, "नकार नाही दिला, हे नशीब समज."

पुढच्या आठवड्यात आत्याच मला एका पार्लरमध्ये घेऊन गेली. जिना चढून वर. पार्लरवाल्या बाईने माझ्या गालावरून बोट फिरवलं आणि कपाटातून एक पांढरी डबी काढली. डबीवर नाव नाही. काहीच लिहिलेलं नाही.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"गोरेपणा आहे," ती म्हणाली आणि हसली. आत्याही हसली. मीही हसले.

रात्री लावायचं, सकाळी धुवायचं. मी लावलं. पंधरा दिवसांत डाग फिके झाले. महिन्याभरात तोंड उजळलं. हातांहून वेगळं, मानेहून वेगळं. दुसऱ्या कोणाचं तोंड माझ्या मानेवर ठेवल्यासारखं. पण गोरं. गल्लीतल्या बाया थांबवून विचारायला लागल्या. शेठने एक दिवस हाक मारली आणि शालूच्या काउंटरला उभं केलं. म्हणाला, "आता कसं दुकानात शोभते." विक्री मी आधीही चांगलीच करायची. त्याला ते ठाऊक होतं.

आणि मला आनंद झाला होता. खूप झाला होता. घरी येताना मी बसच्या काचेत स्वतःला बघायची.

धुळ्याचे परत आले. या वेळी रुमाल निघाला नाही. पसंती झाली. साखरपुडा झाला. फोटोत मी हसते आहे.

त्यानंतर आग सुरू झाली.

आधी फक्त उन्हात गेल्यावर. मग चुलीजवळ बसल्यावर. मग नुसतं पाणी लागलं तरी. गालांवर लाल रेषा उमटल्या, बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. हनुवटीवर लव आली. उन्हाळा होता. आमच्याकडच्या उन्हात सगळ्याच मुली तोंडाला स्कार्फ बांधतात. म्हणून कोणाला काही कळलं नाही. बसमध्ये सगळ्या बांधलेल्या तोंडांत माझंही एक. आत काय शिजतंय ते मलाच माहीत.

एक दिवस मी स्कार्फ सोडत होते, तेवढ्यात माय समोर आली. बघतच राहिली.

"हे काय होऊन ऱ्हायलं तुले? तोंड भाजल्यावानी दिसते."

मी म्हटलं, उष्णता आहे.

शेवटी सरकारी दवाखान्यात गेले. कातडीच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी डबी उघडली, बोटावर घेऊन बघितली, बंद केली.

"किती दिवस लावतेस?"

"पाच महिने झाले."

"यात स्टेरॉइड असणार. कातडी पातळ झालीय तुझी. हे बंद करावंच लागेल. बंद केल्यावर आधी जास्त आग होईल, सुजेलही. मी औषध देते. पण काही महिने जातील."

"आणि डाग?"

"डाग परत येतील. आधीपेक्षा जास्तही असतील."

"माझं लग्न आहे."

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "पुढे ढकलता येईल?"

कोण ढकलणार. कोणाला विचारून. मी औषधं घेतली आणि बाहेर आले.

क्रीम बंद केलं. चार दिवस. तोंड सुजलं, डोळे अर्धे मिटले, गालांतून पाणी वाहायला लागलं. मी खाली फरशीवर पालथी पडून एक गाल गार फरशीला लावायची, ती जागा तापली की सरकून दुसऱ्या जागी. डॉक्टरांची औषधं चालू होती, पण त्यांचा गुण यायला वेळ होता, आणि माझ्याकडे वेळ नव्हता. बस्त्याचा दिवस ठरला होता. तोंडावर ओलं फडकं टाकून पडले की वाटायचं, असंच झाकलेलं राहावं. कोणी काढूच नये.

पाचव्या दिवशी मी स्कार्फ बांधला आणि एकटी पार्लरला गेले. त्या बाईला म्हटलं, अजून एक डबी द्या. डॉक्टर काय म्हणाल्या ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टर तसंच म्हणतात." मी हात पुढे केलेलाच होता. डबी घेतली आणि तिथेच, तिच्या आरशासमोर उभं राहून तोंडाला लावली. संध्याकाळपर्यंत आग शांत झाली. जे जाळत होतं, तेच विझवत होतं.

मी होणाऱ्या नवऱ्याला फोन केला. सगळं सांगितलं. क्रीमचं, डॉक्टरांचं, आगीचं.  तो म्हणाला, "मम्मीला विचारतो."

बस्ता आमच्याच दुकानात ठरला होता. शेठ सवलत देणार होता. धुळ्याहून गाडी भरून माणसं आली. आमच्याकडून नाना, आत्या आणि काका. माय वावरात होती, बस्त्याला तिला कोणी नेलं नाही. मी त्या दिवशी विकणारी नव्हते, नवरी होते, म्हणून गादीवर बसले. स्कार्फ काढला होता. क्रीम लावूनही गाल लाल होते, आणि लालीखालून डाग वर यायला लागले होते.

शालू निघाले. मुलाची आई एकेक शालू माझ्या खांद्यावर टाकून बघत होती. डाळिंबी टाकला, काढला. मोरपंखी टाकला, काढला. तिची नणंद म्हणाली, "इना तोंडवर एक बी रंग उठत नही."

मग मुलाची आई शेठला म्हणाली, "ती दुसरी पोर शे ना, तिना खांदावर टाका. साडी तरी समजी."

दुसरी पोर म्हणजे रुबीना. माझ्या शेजारच्या काउंटरला असते. डबा आम्ही एकत्र खातो. रुबीना गोरी आहे.

शेठने खूण केली. रुबीना जागची हलली नाही. शेठने परत खूण केली. मग ती पुढे आली आणि माझा लग्नाचा शालू तिच्या खांद्यावर टाकला गेला. तिने मान खाली घातली होती. धुळ्याच्या बाया म्हणाल्या, आता कसा खुलला. मुलाने मोबाइल काढला आणि फोटो घेतला. रुबीनाचा. शालूतला.

मी नानांकडे बघितलं. नाना साड्यांच्या ढिगाकडे बघत होते.

मुलाची आई माझ्याजवळ सरकली. हळू आवाजात, मायेने बोलल्यासारखं म्हणाली, "माले बठ्ठं सांगं त्यानी. लगनपर्यंत लाव ते. आमना घरमा येवावर बंद कर. मंग कोन देखस?"

तिला सगळं माहीत होतं. जळतंय हे माहीत होतं. डॉक्टर काय म्हणाल्या ते माहीत होतं. लग्नापर्यंत लाव. वऱ्हाडापुढे आणि फोटोत गोरी दिस. नंतर घरात जळत बस, तिथे कोण बघतंय.

मी उठले. रुबीनाच्या खांद्यावरून शालू काढून घेतला. दुकानात घालतो तशी त्याची घडी घातली, काठावर काठ, पदर आत. खोक्यात ठेवला. खोकं शेठसमोर सरकवलं.

"याचं बिल करू नका," मी म्हटलं. "मी हे लग्न करत नाही."

काहींना वाटलं मी थट्टा करते आहे. आत्याने माझा दंड धरला. मी सोडवून घेतला. मुलाच्या आईने विचारलं, "काय व्हयनं हिले?" तिला खरंच कळलं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्हाला शालू शोभणारी मुलगी पाहिजे. मी तोंड जाळून ती होणार नाही." माझा आवाज मोठा नव्हता. तोंडाची कातडी एवढी ताणलेली होती की मोठ्याने बोलताच येत नव्हतं.

 असोद्याच्या बसमध्ये नाना वेगळ्या सीटवर बसले. घरी आल्यावर म्हणाले, "आता गावात काय तोंड दाखवू?" त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आत्या अजूनही बोलत नाही. साखरपुडा मोडलेली मुलगी, तीही डागाळलेली. हे मी गल्लीत माझ्या कानांनी ऐकलं.

डबी त्याच दिवशी बंद केली. त्यानंतरचे महिने मला कोणी परत दिले तर मी घेणार नाही. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं. सूज, पाणी, खपल्या. माय सकाळी कामाला जाण्याआधी माझ्या गालांवर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवायची. मी बरोबर केलं असं तीही म्हणाली नाही. एकदा घडी बदलता बदलता म्हणाली, "तुह्या बापानं मले लगनाआधी पाह्यलंच नव्हतं. मी कायी हाये हे त्याले लगनानंतर दिसलं. मंग जलमभर बोलला." आमच्या बोलीत काळीला कायी म्हणतात. माय हे रागाने बोलली नाही. पाऊस कमी झाला असं सांगावं तसं बोलली. नाना तिला असं बोलत आले होते, आणि मी त्याच घरात वाढले होते. मला ते कधी ऐकू आलं नव्हतं.

दुकानात परत गेले तर शेठने गोदामात पाठवलं. म्हणाला, "गिऱ्हाईक बिचकतं." मी दोन दिवस गोदामात काढले. तिसऱ्या दिवशी वर येऊन काउंटरला उभी राहिले. शेठला म्हटलं, "मला काढायचं तर काढा. पण का काढलं ते सगळ्यांसमोर सांगा." त्याने काढलं नाही. काही बायका माझं तोंड बघून पुढे रुबीनाकडे जातात. जाऊ देत. बाकीच्यांना मी शालू दाखवते.

डाग गेले नाहीत. आधीपेक्षा काळे आहेत, पसरलेही आहेत. गाल अजून तापतात. डॉक्टर म्हणतात, कातडी पूर्ण पहिल्यासारखी होईल असं सांगता येत नाही. पार्लरची तक्रार मी औषध प्रशासनाच्या ऑफिसात लेखी दिली. साहेब म्हणाले, डबीवर नावच नाही, बघू. ते बघतच आहेत. पार्लर चालू आहे.

सोमवारी आमचं दुकान बंद असतं. सोमवारी मी त्या पार्लरच्या जिन्याखाली, सावलीला उभी राहते. वर जाणाऱ्या मुलींना थांबवते, स्कार्फ सोडते आणि तोंड दाखवते. सांगते, बिननावाची डबी देईल, घेऊ नको. एक मुलगी मागे फिरली. एक म्हणाली, "तुला नसेल मानवलं, माझ्या बहिणीला मानवलं," आणि वर गेली. एकीची आई मला म्हणाली, स्वतःचं मोडलं म्हणून दुसऱ्यांचं मोडायला उभी राहिलीस का. मी म्हटलं, हो.

गेल्या वेळी पार्लरवाली बाई खाली आली. म्हणाली, "पोलिसात देईन."

"द्या," मी म्हटलं. "येताना डबी घेऊन या."

ती वर गेली. मी संध्याकाळपर्यंत उभी होते. परवा पुन्हा सोमवार आहे. घरी नानांनी नवीन पाहुण्यांचा विषय काढलाय. जामनेरकडचे आहेत, बिजवर आहे, डाग चालतील म्हणतात. मी नानांना सांगितलंय, मला पाहायला कोणी येणार नाही. ना डाग चालणारा, ना न चालणारा. आले तर दार मी उघडेन आणि दारातूनच परत पाठवीन. सोमवारी मी घरी नसते, तेही सांगितलंय. जिन्याखाली असते.